पळसाखाली किती वेळ बसायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

थंडी ओसरली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. बागेतल्या रोपांऐवजी पक्षी, फुलपाखरं आणि कॅमेरे सुरू होतात. या वेळच्या बहुतेक पत्रांतली तक्रार सारखीच आहे: पक्षी दिसतो, कॅमेराही बरा आहे, तरी फोटो हवा तसा येत नाही. म्हणून लेन्सपेक्षा वेळ, अंतर आणि बसायची जागा यांवर जास्त लिहिलं आहे.

प्रश्न: पेठ रस्त्याला पळस आणि पांगारा फुलले आहेत. झाडावर पक्ष्यांची नुसती झुंबड असते, पण माझ्या फोटोत एक तर काळा ठिपका येतो नाहीतर नारिंगी रंगाचा गोळा. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि 70-300 लेन्स आहे. काय चुकतंय? (वाचक, पंचवटी)

लेन्स पुरेशी आहे, झाड चुकतं आहे. फुलांनी सर्वांत जास्त लगडलेलं झाड आपण निवडतो आणि त्याच्या बुंध्याशी उभं राहून वर बघतो. वर पांढरं आकाश असतं. कॅमेरा त्या आकाशाचा उजेड मोजतो आणि पक्षी काळा पडतो.

झाड निवडताना तीन गोष्टी पाहा. पहिली, फुलांच्या फांद्या तुमच्या डोळ्यांच्या उंचीला हव्यात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या चढउताराच्या रस्त्यांवर हे सहज जमतं. रस्त्याच्या खालच्या अंगाला, उतारावर उभ्या असलेल्या झाडाचा शेंडा रस्त्याच्या पातळीला येतो. असं एक झाड सपाटीवरच्या दहा झाडांच्या तोडीचं असतं. दुसरी, फांदीच्या मागे आकाश नको, दूरचा डोंगर किंवा सावलीतलं रान हवं. तिसरी, सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी हवा.

मग अंतर. शिंजीर जेमतेम 10 सेंटीमीटरचा असतो. 300 मिलिमीटर लेन्सने 8 मीटरवरून तो तुमच्या फ्रेमच्या रुंदीचा साधारण सहावा भाग व्यापेल, 15 मीटरवरून बारावा. तेव्हा शिंजिराला 8 मीटरच्या आत यायला हवं, आणि ते तुम्ही पुढे सरकून होणार नाही. ते एका जागी बसून होतं. भोरडी (गुलाबी मैना) किंवा साळुंकी 12 मीटरवरूनही फ्रेमचा जवळजवळ चौथा भाग भरते, म्हणून सुरुवात मोठ्या पक्ष्यांपासून करा.

बसल्यावर पहिली 15 मिनिटं कॅमेरा मांडीवरच राहू द्या. पक्षी कोणत्या बाजूने येतात, फुलावर झेपावण्याआधी कोणत्या मोकळ्या काटकीवर टेकतात, कोणाला कोण हुसकावतं, हे पाहा. कोतवाल जवळजवळ नेहमी कडेच्या उघड्या फांदीवर येतो आणि पुन्हा तिथेच परततो. शिंजीर मात्र घोसाच्या आत शिरतो. तो एका घोसावरून शेजारच्या घोसावर सरकतो, त्यामुळे पुढचा घोस कोणता हे ओळखून फोकस तिथे तयार ठेवता येतो. अशा जागी एका झाडाला किमान दीड तास द्यायला हवा. पाच झाडांना वीस-वीस मिनिटं दिली तर हाती काही लागत नाही.

आता नारिंगी गोळ्याचं. पळसाच्या फुलात लाल रंग इतका असतो की एकूण फोटो ठीक उजळलेला दिसला तरी त्यातला लाल भाग आधीच फुटलेला असतो. पाकळीवरची लव आणि शिरा त्यात गडप होतात आणि मागाहून परत आणता येत नाहीत. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दिसतो, तो सुरू करा. लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे 0.3 ते उणे 0.7 करा. कोतवाल काळा आहे म्हणून उजेड वाढवावासा वाटेल, पण फुलं वाचवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) असेल तर काळ्या पिसांतला तपशील पुढे बराच वर काढता येतो.

सेटिंग: कंटिन्युअस ऑटोफोकस (हलत्या पक्ष्यावर फोकस सतत जुळवणारा), एकच फोकस बिंदू (अनेक बिंदू ठेवले तर कॅमेरा पुढचं फूलच पकडतो), ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकडा) एफ 6.3 ते 8. बसलेल्या साळुंकीला शटर 1/640 सेकंद पुरतं, शिंजिराला 1/1600 हवं, कारण त्याची मान क्षणभरही थांबत नाही. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर टाकून कमाल 3200 ठेवा. सूर्य उगवल्यापासून पहिले दोन तास सोडू नका. त्या वेळी फुलांत मध भरपूर असतो आणि पक्ष्यांची ये-जा दाट असते.

प्रश्न: मार्चमध्ये नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. 600 मिलिमीटरची लेन्स भाड्याने नेली, ट्रायपॉडही होता. साडेदहाला काढलेले सगळे फोटो पाण्यात बुडाल्यासारखे मऊ आलेत. लेन्स खराब होती का? (वाचक, नाशिकरोड)

लेन्स बहुधा निर्दोष आहे. ही उन्हाची झळ. जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापते, गरम आणि थंड हवेचे थर एकमेकांत मिसळत राहतात आणि त्यांतून येणारा प्रकाश क्षणोक्षणी वाकतो. लेन्स जितकी लांब आणि पक्षी जितका दूर, तितका हा दोष वाढतो. शटर 1/4000 केलं तरी तो जात नाही, ट्रायपॉडने जात नाही, संगणकावर शार्पनेस वाढवला तर उलट कडा दातेरी होतात. झळ आहे की फोकस चुकला, हे ओळखायची खूण: एकाच बसलेल्या पक्ष्याचे सलग दहा फोटो मोठे करून पाहा. प्रत्येकात चोचीची कड वेगळी वाकलेली दिसली तर ती झळ. दहाही सारखेच धूसर असतील तर फोकस किंवा हात.

उपाय वेळेचा आहे. मार्चच्या मध्यावर नाशिकला सूर्य 6:40च्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्यावर 6:20च्या आसपास. शहरापासून अभयारण्य साधारण 40 किलोमीटर, म्हणजे सव्वापाचला घर सोडायचं. खरं काम साडेआठपर्यंत. त्यानंतर दूरचे थवे सोडून द्या आणि 20-25 मीटरच्या आतले पक्षी घ्या: काठावरची टिटवी, शेकाट्या, धोबी. निरीक्षण मनोऱ्यावरून काढलेला फोटो बांधावरून काढलेल्यापेक्षा थोडा बरा येतो, कारण उंचीमुळे नजरेची रेघ जमिनीलगतच्या तापलेल्या थरातून कमी जाते. चिखल आणि डांबर पाण्यापेक्षा लवकर तापतात, हेही लक्षात ठेवा.

गाडीतून फोटो काढत असाल तर झळ तुम्ही स्वतःच तयार करता. एसी बंद, इंजिन बंद, दोन्ही बाजूंच्या काचा खाली, मग दहा मिनिटं थांबा. बॉनेटवरून कधीही फोटो घेऊ नका. एसीत गार झालेली लेन्स एकदम उन्हात काढली तर तिच्या नळीतली हवाही हलत राहते, म्हणून ती आधी वीसेक मिनिटं पिशवीतच बाहेर ठेवा.

पांढऱ्या पक्ष्यांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तिथे येतोच. बगळा किंवा चमचा गडद पाण्यावर उभा असेल तर एक्स्पोजर उणे 0.7 ते उणे 1.3 ठेवा, नाहीतर पिसं पांढऱ्या कागदासारखी सपाट होतात. उजळ आकाशात उडणाऱ्या पक्ष्याला उलट, अधिक 1. उडताना शटर 1/2000च्या खाली नको.

या महिन्यात काय दिसेल हे बऱ्याच अंशी पाण्यावर ठरतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या या बंधाऱ्यातून कालव्यांना पाण्याचं आवर्तन सुटलं की फुगवट्याची पातळी उतरते आणि चिखलाची पट्टी उघडी पडते. तुतवारासारखे चिखलात चोच खुपसणारे पक्षी तिथे जमतात. थापट्या, तलवार, भुवई ही पाहुणी बदकं मार्च सरता सरता उत्तरेला निघू लागतात. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक मात्र तिथेच भेटतात. 2020च्या सुरुवातीला जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तेव्हा ड्रोनचा विचारही नको आणि बांध सोडून दलदलीत उतरणंही नको. एक थवा विनाकारण उडवला तर लांबच्या प्रवासासाठी साठवलेली त्यांची चरबी वाया जाते. आम्हाला तो चांगल्या फोटोपेक्षा फार मोठा तोटा वाटतो.

प्रश्न: आमच्या जास्वंदीवर शिंजिरासारखा पक्षी येतो. पोट पिवळं, पण गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ. हा कोणता? (वाचक, गंगापूर रोड)

जांभळा शिंजीर, नर. विणीचा हंगाम नसताना त्याची चमकदार पिसं गळून मादीसारखा पिवळसर वेष येतो, फक्त ती काळी रेघ उरते. उन्हाळ्याच्या तोंडावर तो पुन्हा पूर्ण निळा-जांभळा होतो. आठवड्याला एकदा त्याच फांदीवर, त्याच वेळी फोटो घेत राहिलात तर रंग कसा भरत जातो याची मालिका मिळेल. रेघ नसेल, पोट पिवळं आणि पाठ गडद तांबूस असेल तर तो जांभळ्या पाठीचा शिंजीर, वेगळी जात.

प्रश्न: फ्लॅटच्या गॅलरीत कढीपत्ता, लिंबू, सदाफुली आहे. किडे आणि फुलपाखरांचे अगदी जवळून फोटो काढायचे आहेत. मॅक्रो लेन्स परवडत नाही. मोबाइल आणि जुना कॅमेरा (50 मिलिमीटर व 55-250 लेन्स) यांवर भागेल का? (वाचक, सिडको)

उत्तम भागेल, आणि कढीपत्ता असेल तर विषय आयताच दारात आहे. लाइम नावाचं पिवळट-काळं फुलपाखरू लिंबू आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळं, गोल अंडं घालतं. साधारण तीन-चार दिवसांत अळी निघते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटच्या टप्प्यात हिरवी होते. म्हणून कढीपत्त्यावर औषध मारू नका आणि नवी पालवी खुडण्याआधी पान उलटून पाहा.

आता साधनं, स्वस्तापासून वर.

मोबाइलवरची चिमट्याची मॅक्रो भिंग: 10एक्स लिहिलेल्या भिंगाला किड्यापासून फक्त 2 ते 3 सेंटीमीटरवर यावं लागतं. मुंगी, मावा, अंडी यांना छान, फुलपाखराला निरुपयोगी. नव्या फोनमध्ये एक अडचण हमखास येते. वस्तू जवळ आली की फोन आपण होऊन दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि तुमचं भिंग ज्या कॅमेऱ्यावर लावलंय तो बाजूलाच राहतो. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो मॅक्रो बंद करा.

एक्स्टेन्शन ट्यूब: कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ कडी, तिच्यात काच नसते. हिशोब सोपा आहे: ट्यूबची जाडी भागिले लेन्सची फोकल लांबी. 50 मिलिमीटर लेन्समागे 25 मिलिमीटरची ट्यूब लावली तर किडा सेन्सरवर प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचा उमटतो. विजेचे संपर्कबिंदू असलेलीच ट्यूब घ्या. ते नसतील तर बहुतेक नव्या लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.

क्लोज-अप भिंग: 55-250च्या पुढे लावायचं. अधिक 8 डायॉप्टर ताकदीचं (रेनॉक्स 250 हे त्यातलं परिचित) भिंग असेल तर किड्यापासूनचं अंतर साधारण 12 सेंटीमीटर मिळतं आणि 250 मिलिमीटरला प्रतिमा दुप्पट आकाराची. तुमच्या सामग्रीत पैसे खर्चायचे तर आम्ही इथे खर्चू. लेन्स काढ-घाल नाही, त्यामुळे गॅलरीतली धूळ सेन्सरवर जात नाही.

खरी अडचण स्पष्ट भागाच्या खोलीची. किडा सेन्सरवर प्रत्यक्ष आहे तेवढ्याच आकाराचा उमटवताना, एफ 11 ठेवूनसुद्धा, तुमच्या सेन्सरवर एक मिलिमीटरपेक्षा कमी पट्टी स्पष्ट येते. त्यामुळे ऑटोफोकस बंद करा, हवा तो आकार ठरवून फोकसची कडी तिथेच ठेवा आणि स्वतः पुढे-मागे झुला. कोपर कठड्यावर टेकवा, श्वास सोडा, डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबा. कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरला तर एकाच पट्टीत जास्त अंग मावतं.

एफ 11ला उजेड कमी पडतो, म्हणून फ्लॅश. शटर 1/160 ते 1/200, आयएसओ 200, फ्लॅश 1/16 ताकदीवर. उघडा फ्लॅश कोळ्याच्या डोळ्यांत टाचणीच्या टोकासारखा पांढरा डाग पाडतो. काचेची भांडी ज्यात गुंडाळून येतात तो पांढरा पातळ फोम दोन पदरी करून फ्लॅश आणि किडा यांच्या मध्ये, शक्य तितका किड्याजवळ धरा. पडदा जितका मोठा आणि जवळ, तितकी चमक मऊ.

वाऱ्यावर डहाळी हलत असेल तर कपडे वाळत घालायचा चिमटा बांबूच्या काडीला बांधा, काडी कुंडीत खोचा आणि डहाळी अलगद चिमट्यात धरा. वेळ सकाळची, उजाडल्यापासून आठपर्यंत. नाशिकच्या फाल्गुनी पहाटेला गारवा असतो, किड्यांचं अंग ऊन लागल्याशिवाय हलत नाही, तोवर ते जागचे उडत नाहीत. हाच परिणाम मिळवायला किडा फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो कृपया पाळू नका. त्यात किडा मरतो किंवा अधू होतो, आणि फोटोतल्या आखडलेल्या पायांवरून जाणकाराला ते लगेच कळतंही.

प्रश्न: द्राक्षबागेत खरड छाटणी चालू आहे. एका वेलीवर बुलबुलाचं घरटं, तीन अंडी. मुलाला रोज फोटो काढायचे आहेत. आणि छाटणीचं काय करू? (वाचक, निफाड तालुका)

रोज फोटो नकोत. लालबुड्या बुलबुलाची अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पिलं आणखी दोनेक आठवड्यांत घरटं सोडतात. या काळात माणसाच्या फेऱ्यांवर कावळा आणि भारद्वाज बारीक नजर ठेवून असतात. घरटं उघडं करायला पानं बाजूला केली तर मार्च-एप्रिलच्या उन्हात पिलं तासाभरातही मरू शकतात.

मुलाला दुसरं काम द्या. घरट्यापासून निदान 15 मीटरवर, दोन ओळी सोडून, बसायची एक जागा ठरवा. तिथून दुर्बिणीने आई-बाप चोचीत काय आणतात ते वहीत लिहायचं: अळी, नाकतोडा की फळ, आणि किती मिनिटांनी. येताना तारेवर टेकलेल्या बुलबुलाचा चोचीतल्या भक्ष्यासकट फोटो घरट्याच्या फोटोपेक्षा कितीतरी जिवंत येतो. पक्षी चोचीत भक्ष्य घेऊन ओरडत बसला आणि घरट्यात जात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच उठा.

छाटणीत त्या वेलीचा घरट्याभोवतीचा ओलांडा (आडवी फांदी) पिलं उडेपर्यंत राखा, बाकी बाग नेहमीप्रमाणे छाटा. एका वेलीची फूट मागेपुढे होईल, एवढंच. फवारणीत ती वेल आणि शेजारच्या दोन वगळता आल्या तर फार चांगलं.

प्रश्न: अंजनेरीला गिधाडांचे फोटो कधी आणि कसे मिळतील? (वाचक, सातपूर)

नांदूरमध्यमेश्वरला जो नियम सांगितला, तो इथे उलटा. गिधाड पंख फार हलवत नाही, ते तापून वर चढणाऱ्या हवेवर तरंगतं. त्यामुळे पहाटे ते कड्यावर बसूनच असतं आणि ऊन तापल्यावर, साधारण नऊनंतर, बाहेर पडतं. गोलाकार घिरट्या घेत वर जाताना एका वळणावर ऊन त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूवर पडतं. तेवढ्या वळणालाच शटर दाबा. एक्स्पोजर अधिक 1, शटर 1/1600.

कड्यावर पांढरे ओघळ दिसले की तिथे त्यांच्या बसायच्या कपारी आहेत असं समजा. लांब चोचीचं गिधाड कड्यांवर घरटं करतं, पांढऱ्या पाठीचं झाडावर. हिवाळ्यात सुरू झालेली वीण मार्च-एप्रिलपर्यंत चालते, म्हणून कड्याच्या वरच्या धारेवर जाऊन खाली डोकावणं, दगड टाकून पक्षी उडवणं हे अक्षम्य आहे. गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने ही गिधाडं जवळजवळ संपवली होती. 2006मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तरी संख्या फार हळू सावरते. पायथ्यापासून 300-400 मिलिमीटरने आभाळासह, कड्यासह फोटो घ्या. पक्षी लहान दिसेल, पण तो कुठे राहतो हे त्यात दिसेल.

प्रश्न: पहाटे उसाच्या कडेला तित्तिराचे फोटो काढायला बसतो. बिबट्याची भीती किती बाळगायची? (वाचक, सिन्नर)

पुरेशी बाळगायची. अंधार असताना उसाच्या बांधावर उकिडवं किंवा आडवं पडून बसू नका. वाकलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा वाटतो. पूर्ण उजाडेपर्यंत गाडीतच थांबा, दोघं जा, जाताना बोलत जा, आणि बसायची जागा उसापासून दूर, मोकळ्या रानाकडे, पाठीशी गाडी अशी निवडा. तित्तिर सूर्य वर आल्यावरही ओरडतो आणि बांधावर येतो, त्यामुळे काही बुडत नाही.

ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलू नका, मोबाइल घेऊन गर्दीही करू नका. आई जवळपासच असते आणि माणसं हटली की रात्री पिलांना नेते. तोड थांबवून सगळ्यांना मागे घ्या आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.